आसऱ्याचीं बंदरें

महाबळेश्वरास पंचगंगेच्या देवळांत पांच नद्यांचे उगम दाखवितात. त्यांपैकीं कृष्णा, वेण्णा, कोयना व गायत्री या घाटावर राहतात. त्यांच्या पाण्यावर सातारा, कऱ्हाड, सांगली हा सारा मुलूख नांदतो. पांचवी सावित्री तेवढी पश्चिमेचा कडा उतरून कोंकणांत जाते व बाणकोटापाशीं समुद्रास मिळते. कृष्णेच्या उगमापासून पश्चिमसमुद्र सरळ रेषेंत सुमारें ४० मैलांवर आहे. पण तिनें त्याच्याकडे एकदां पाठ फिरविली ती अवघें दख्खन ओलांडून पूर्वसमुद्र गांठीपर्यंत पुन्हां तोंड वळविलें नाहीं. आम्हां घाटावरच्या लोकांचा स्वभावहि थोडाबहुत कृष्णेसारखाच बनला आहे. समुद्र जवळ असून तो आमच्या विचारांत नसतो.

मराठ्यांच्या इतिहासाचें वाचन आपल्या घरांतून पुष्कळ होतें. प्रतापगड, पन्हाळा, रायगड हीं नांवें मुलांच्या तोंडीं असतात. पानिपतावर कोण सरदार कोणत्या बाजूस उभा होता हें सांगणारे गृहस्थहि भेटतात. परंतु मराठ्यांचें आरमार पावसाळ्याचे चार महिने कोणत्या खाडींत, कोणत्या किल्ल्याच्या आडोशास नांगरून पडत असे, असा प्रश्न केला असतां बहुतेकांस उत्तर सुचणार नाहीं. प्रश्न क्षुल्लक नव्हे. घोडदळास जसा चारा, तसा आरमारास आसरा. ज्याला आसऱ्याचें बंदर नाहीं त्याचीं जहाजें कितीहि असोत, पहिल्याच आषाढांत त्यांच्या फळ्या किनाऱ्यावर वेंचण्याची पाळी येते. आणि आंग्र्यांच्या आरमाराचा जो शेवट झाला तो तर भर समुद्रांत झाला नाहीं. आपल्या किनाऱ्यावरील उत्तमांतल्या उत्तम बंदरांत, नांगरलेल्या स्थितींत झाला. तें कसें झालें, आणि त्यांत समुद्राचा वांटा किती व घाटाचा किती, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आसरा म्हणजे काय तें पाहूं. किनाऱ्यावर जमीन आंत वळली म्हणजे तेथें बंदर झालें, अशी नकाशा पाहून समजूत होते. खलाशाची परीक्षा याहून कडक असते. तो आधीं वारा पाहतो. ज्या दिशेनें वादळ व लाट येणार, त्या दिशेस डोंगराचें नाक, बेट किंवा निदान खडकांची रांग आडवी हवी. मग तो पाणी पाहतो. दोरीस शिशाचा ओळंबा बांधून किती वांव पाणी आहे हें तो मोजतो, आणि तें ओहोटीच्या हिशेबानें मोजतो. भरतीचें पाणी पाहून जो फसला त्याचें तारूं सहा तासांनीं चिखलांत कलंडतें. ओळंब्याच्या बुडास चरबी माखलेली असते. तिला चिकटून तळाची माती वर येते. चिखल आला तर उत्तम, कारण नांगराचा फाळ त्यांत रुततो व धरून राहतो. खडक आला तर नांगर एक तर धरीत नाहीं, किंवा असा अडकतो कीं दोर तोडूनच निघावें लागतें. यानंतर जागेचा विस्तार. खाडींत भरती-ओहोटीबरोबर पाण्याचा ओघ फिरतो, आणि प्रत्येक वेळीं नांगरलेलें जहाज दोराच्या टोकाशीं वळसा घेतें. शेजारचें जहाज फार जवळ असेल तर दोन्ही एकमेकांवर आपटतात. जागा अपुरी आणि जहाजें पुष्कळ असलीं म्हणजे तीं एकमेकांस जखडून बांधणें भाग पडतें. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याचें वेळापत्रक ठरलेलें आहे. ज्येष्ठापासून श्रावणापर्यंत नैर्ऋत्येचा वारा आणि त्याबरोबर डोंगरासारख्या लाटा. नारळी पौर्णिमेस कोळी दर्याला नारळ देतात आणि हळूहळू समुद्र मोकळा होतो. हिंवाळ्यांत दिवसा वायव्येकडून खारा वारा वाहतो व रात्रीं जमिनीवरून मतलई वारा सुटतो. या दोहोंच्या आधारानें गलबतें किनाऱ्याकिनाऱ्यानें वर-खालीं करतात. तेव्हां ज्या खाडीच्या मुखाशीं दक्षिणेच्या अंगास डोंगराचें नाक पुढें आलेलें असतें, तिच्यांत पावसाळी लाट शिरत नाहीं. जयगड, विजयदुर्ग व देवगड या तिन्ही किल्ल्यांच्या जागा पाहाव्या. तिन्ही ठिकाणीं किल्ला अशाच नाकावर बसविलेला आहे, आणि बंदर त्याच्या पाठीशीं आहे. किल्ला समुद्रावर पहारा करतो, आणि ज्या टेकाडावर तो बसला आहे तें टेकाड वारा अडवितें.

भूमध्य समुद्रांत हें वेळापत्रक नेमकें उलटें. तेथें उन्हाळा हा नौकांचा हंगाम, आणि जुन्या काळीं हिंवाळ्यांत समुद्र बंद होई. भरती-ओहोटी तेथें बहुतेक ठिकाणीं नांवापुरतीच. त्यामुळें कोंकणांतील खाड्यांसारख्या वाटा नाहींत, डोंगरांत शिरलेलीं आखातें आहेत. तेथील खलाशांसहि हंगाम संपतांना हाच प्रश्न पडे, कीं हिंवाळा कोठें काढावा? बायबलांतील 'प्रेषितांचीं कृत्यें' या भागांत याची एक सविस्तर हकीकत आहे. पौल नांवाचा ख्रिस्ताचा प्रेषित कैदी म्हणून रोमकडे नेला जात असतां त्याचें जहाज क्रीट बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर 'सुंदर बंदर' नांवाच्या ठिकाणीं थांबलें. हंगाम सरत आला होता. येथेंच राहावें असें पौलाचें म्हणणें. पण हें बंदर हिंवाळा काढण्यास सोईचें नाहीं, याहून चांगलें बंदर पश्चिमेस आहे, असें तांडेलाचें व जहाजाच्या मालकाचें मत पडलें. मंद वारा पाहून ते निघाले, वाटेंत वारा फिरला, चौदा दिवस जहाज वाहवत गेलें आणि माल्टा बेटावर फुटलें. जहाजावरचीं २७६ माणसें वांचलीं, जहाज व माल गेला. चांगल्या आसऱ्याचा लोभ धरून मध्यम आसरा अवेळीं सोडला, त्याचें हें फळ. आसरा निवडणें हें नुसतें जागेचें ज्ञान नव्हे. वेळेचेंहि ज्ञान त्यांत आलें.

आतां कोंकणचा किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे पाहत जाऊं. हर्णैस सुवर्णदुर्गाचें बेट किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर आहे. बेट व किनारा यांमध्यें जहाजें उभीं राहतात. पण जागा उघडी; हिंवाळ्यांत बरी, पावसाळ्यांत भरंवशाची नव्हे. दाभोळ वाशिष्ठीच्या मुखाशीं आहे. या खाडीनें माल चिपळुणापर्यंत येई आणि कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडास पोंचे. सातारा प्रांतास समुद्राचा जो दरवाजा होता तो हाच. परंतु वाशिष्ठीच्या मुखाशीं वाळूचा बांध पडतो आणि मोठ्या जहाजास भरतीची वाट पाहावी लागते. दक्षिणेस शास्त्रीच्या मुखाशीं जयगड. त्याच्याहि खालीं वाघोटनच्या खाडीवर विजयदुर्ग. त्यास घेरिया असें दुसरें नांव आहे. या खाडीच्या मुखाशीं वाळूचा बांध नाहीं. मोठमोठीं जहाजें कोणत्याहि ऋतूंत आंत येऊं शकतात आणि भर पावसाळ्यांतहि निर्धास्त पडून राहतात. पुढें देवगडचें बंदर. तें लहान आणि अरुंद तोंडाचें, पण आंतलें पाणी तळ्यासारखें शांत. शेवटीं मालवण. तेथें शिवछत्रपतींनीं २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं सिंधुदुर्गाचा पाया घातला. मालवणचें पाणी खडकांनीं भरलेलें आहे. ज्याला वाट ठाऊक तोच आंत येतो, परक्याचें जहाज खडकावर जातें.

म्हणजे शत्रूपासून संरक्षणाच्या दृष्टीनें पाहिलें तर बंदरें तीन जातींचीं झालीं. दाभोळास वाळू राखते, मालवणास खडक राखतात, आणि विजयदुर्गास केवळ किल्ला राखतो. वाऱ्याच्या दृष्टीनें विजयदुर्ग सर्वांत श्रेष्ठ. पण जें खोल व निर्वेध पाणी आपल्या गुराबांस आंत घेतें तेंच शत्रूच्या मोठ्या जहाजांसहि आंत घेतें. निसर्गानें या बंदराचें दार रुंद ठेविलें आहे. तें लावून घेण्याचें काम माणसांवर सोंपविलें.

हें शास्त्र आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें असें कोणी समजूं नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रां'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. हें आज्ञापत्र इ. स. १७१५-१६ च्या सुमारास कोल्हापूरच्या दरबारांत तयार झालें. पण त्यांत सांठविलेला अनुभव शिवछत्रपतींच्या काळापासूनचा आहे. जहाजांसाठीं लांकूड कोठून आणावें, रयतेचीं आंबा-फणसाचीं झाडें धन्याच्या संतोषावांचून कां तोडूं नयेत, वारा आपल्याकडचा नसेल तर लढाई टाळून जलदुर्गाच्या आश्रयास कसें यावें, हें त्यांत सांगितलें आहे. पावसाळी छावणीविषयीं अमात्यांचा उपदेश थोडक्यांत असा: छावणी दरवर्षीं निराळ्या बंदरांत करावी, समुद्राच्या तोंडाशीं जलदुर्ग आडवा आहे असें बंदर पाहावें, तेथेंहि सारें आरमार एके जागीं न ठेवतां ठिकठिकाणीं वांटून ठेवावें, आणि रात्रीं पाण्यावरून व जमिनीवरून अशी दोन्हीकडून गस्त फिरवावी.

या चार नियमांतील शेवटचे दोन आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटतात. दरवर्षीं बंदर बदलावें हा नियम, खलाशांच्या गर्दीचा भार एकाच गांवावर पडूं नये आणि शत्रूस ठिकाणाचा अंदाज बांधतां येऊं नये, अशा हेतूचा दिसतो. जलदुर्गाची आड असावी हें तर उघडच आहे. परंतु इतकी काळजी घेतल्यावरहि आरमार वांटून ठेवा आणि जमिनीकडूनहि पहारा करा, असें ज्यानें सांगितलें, त्याला आसऱ्याचें मर्म पुरें कळलें होतें. आसऱ्याची जागा ही धोक्याचीहि जागा आहे. वाऱ्यापासून वांचण्यासाठीं जहाज जितकें आंत शिरतें, तितकी त्याची पळण्याची वाट आंखूड होते. आणि जितकें तें जमिनीजवळ येतें, तितकें तें जमिनीवरच्या माणसाच्या हातांत जातें. हा उपदेश लिहिणारे अमात्य स्वतः घाटावरच्या गडांचे मुत्सद्दी होते, हें लक्षांत घेतां त्यांच्या दृष्टीचें अधिकच कौतुक वाटतें.

जमिनीवरचा माणूस मित्र असला म्हणजे काय होतें, याचें उदाहरण कान्होजी आंग्र्यांच्या चरित्रांत आहे. शाहू महाराजांस साताऱ्यास १७०८ त राज्याभिषेक झाला तेव्हां कान्होजी ताराबाईंच्या पक्षास होते. १७१३ त त्यांनीं पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस कैद केलें आणि घाटावरच साताऱ्यास धास्ती पडली. तेव्हां नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनीं तलवारीपेक्षां बोलण्यानें काम साधलें. तहांत कान्होजींचें सरखेलपद व त्यांचे जलदुर्ग-गड त्यांजकडे कायम झाले, आणि कान्होजींनीं सातारच्या गादीचें स्वामित्व मान्य केलें. या तहाचें मोल सुमारें आठ वर्षांनीं दिसून आलें. १७२१ च्या अखेरीस मुंबईचे इंग्रज आणि गोव्याचे पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर चाल केली. कुलाब्याचा नांगरवाडा उघडा; विजयदुर्गासारखा आसरा तेथें नाहीं. तरीहि कुलाबा पडला नाहीं. शाहू महाराजांच्या आज्ञेनें पिलाजी जाधव घोडदळासह उतरले आणि मागोमाग बाजीराव पेशवे आले. पुढच्या जानेवारींत पोर्तुगीजांनीं बाजीरावांशीं तह केला, इंग्रज एकटे पडले आणि मोहीम फसली. एक उघडें बंदर घाटावरून आलेल्या घोड्यांनीं वांचविलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. विजयदुर्गावर १७२० त इंग्रज आणि १७२४ त डच असे दोघेहि आपटून परत गेले, तेव्हांहि पाठीमागची जमीन आपली होती.

कान्होजी १७२९ त वारले. वडील पुत्र सेखोजी सरखेल झाले, पण तेहि १७३३ त गेले, आणि भाऊबंदकीनें घर दुभंगलें. मानाजी कुलाब्यास राहिले. दक्षिणेकडचा भाग संभाजींकडे व त्यांच्यामागून तुळाजींकडे आला. आरमार वांटून ठेवावें हा अमात्यांचा उपदेश अशा विपरीत रीतीनें मात्र पाळला गेला. जहाजें दोन ठिकाणीं झालीं, पण तीं एकमेकांच्या मदतीस जाणारीं राहिलीं नाहींत. तुळाजी पराक्रमी होते आणि हट्टीहि होते. पेशव्यांचें वर्चस्व त्यांनीं जुमानलें नाहीं. विशाळगडचे प्रतिनिधि आणि बावड्याचे अमात्य यांच्या मुलखासहि त्यांचा उपद्रव होऊं लागला. ज्या घराण्यानें आरमाराचें शास्त्र लिहून ठेविलें त्याच घराण्यास आरमाराच्या धन्याविरुद्ध गाऱ्हाणें करण्याची पाळी यावी, ही दैवगति विलक्षण खरी. १७४९ च्या डिसेंबरांत शाहू महाराज साताऱ्यास वारले आणि दोन्ही बाजू ज्याचा शब्द मानीत असा एकमेव पुरुष नाहींसा झाला.

मार्च १७५५ त नानासाहेब पेशव्यांचा व मुंबईकरांचा तुळाजींविरुद्ध करार झाला. इंग्रज कमोडोर जेम्स प्रथम सुवर्णदुर्गावर गेला. तेथें तुळाजींचीं जहाजें उघड्या नांगरवाड्यांत उभीं होतीं. शत्रूचीं शिडें दिसतांच त्यांनीं नांगर सोडले व दक्षिणेची वाट धरली. वारा मंद होता म्हणून लहान गलबतांकडून मोठ्या गुराबा ओढविल्या, भार समुद्रांत टाकून दिला, आणि पाठलाग चुकविला. एप्रिलांत किल्ला पडला. पण आरमार वांचलें. येथें एक क्षण थांबण्याजोगें आहे. सुवर्णदुर्गाचें बंदर वाईट होतें म्हणूनच जहाजांस सुटतां आलें. तीं पुढें जेथें जाऊन राहिलीं तें बंदर चांगलें होतें.

पावसाळा संपल्यावर जेम्स पुन्हां निघाला, या खेपेस लढावयास नव्हे तर पाहावयास. विजयदुर्गासमोर त्यानें पाणी मोजलें आणि मोठीं जहाजें किल्ल्याच्या अगदीं जवळ जाऊं शकतात असें मुंबईस कळविलें. इंग्लंडच्या राजाचें आरमार घेऊन अॅडमिरल वॉटसन मुंबईस आला होता, आणि क्लाइव्ह फौजेसह हजर होता. फेब्रुवारी १७५६ त हें सारें बळ विजयदुर्गापुढें आलें. जमिनीकडून रामाजी महादेव व खंडोजी माणकर यांच्या हाताखालीं पेशव्यांची फौज येऊन बसली होती. तुळाजी बोलणें करावयास पेशव्यांच्या छावणींत गेले आणि किल्ला त्यांच्या आप्तांच्या हातीं राहिला.

१२ फेब्रुवारी रोजीं दुपारीं समुद्रावरून वारा वाहूं लागला. त्या वाऱ्यावर वॉटसनचीं जहाजें दोन रांगा करून खाडीच्या मुखांतून आंत शिरलीं. त्यांतील मोठ्या जहाजांवर साठ-साठ, सत्तर-सत्तर तोफा होत्या. वाळूचा बांध असता तर तीं बाहेरच राहतीं. मालवणासारखे खडक असते तर एखादें तरी फुटतें. विजयदुर्गाच्या खाडीनें कोणासहि अडविलें नाहीं. आंत किल्ल्याच्या तटाखालीं तुळाजींचें सारें आरमार एकमेकांस बांधून उभें होतें. वारा बाहेरून आंत येत असल्यामुळें निघून जाण्याची सोय नव्हती. बांधलेलीं असल्यामुळें पांगण्याचीहि नव्हती. तुळाजींनीं पूर्वीं कंपनीचें रेस्टोरेशन नांवाचें एक जहाज पकडून आणिलें होतें. गोळा येऊन पडला तो त्या जहाजावर; त्यानें पेट घेतला, आग एका दोरावरून दुसऱ्या दोरावर गेली, आणि संध्याकाळपर्यंत दोन पिढ्यांचें आरमार पाण्याच्या कांठापर्यंत जळालें. क्लाइव्हनें फौज उतरवून किल्ला व पेशव्यांची छावणी यांच्यामध्यें ठाण मांडलें, कीं मराठ्यांस आधीं आंत जातां येऊं नये. दुसऱ्या दिवशीं किल्ला इंग्रजांच्या हातीं पडला. आंत सांपडलेली सुमारें दहा लक्षांची लूट त्यांनीं आपसांत वांटून घेतली. पेशव्यांस तींतून कांहीं मिळालें नाहीं. तुळाजी जन्मभर पेशव्यांच्या कैदेंत राहिले.

या घटनेचा दोष कोणाचा, यावर इतिहासकारांत पुष्कळ वाद झाला आहे. एक पक्ष म्हणतो कीं नानासाहेबांनीं आपल्या हातांनीं मराठ्यांचें आरमार बुडविलें. दुसरा म्हणतो कीं तुळाजी बंडखोर होते व बंडखोरास शासन करणें हें राज्यकर्त्याचें कर्तव्यच होतें. आम्हांस दोन्ही पक्ष अर्धेच खरे वाटतात. तुळाजींस शासन करण्याचा पेशव्यांस अधिकार होता. पण आरमार ही तुळाजींची खाजगी मालमत्ता नव्हती, तें राज्याचें अंग होतें. चुकलेल्या मुलास शिक्षा करावयाची म्हणून शेजाऱ्याकडून घर पेटवून घेत नाहींत. उलट तुळाजींनीं दोन चुका केल्या, आणि दोन्ही आज्ञापत्रांतील नियमांविरुद्ध होत्या. सारें आरमार एके जागीं ठेविलें, ही पहिली. जमिनीकडच्या बाजूस एकहि मित्र उरूं दिला नाहीं, ही दुसरी. अमात्यांचा नियम पावसाळी छावणीचा होता आणि विजयदुर्गचा प्रसंग माघ महिन्यांतला होता, ही गोष्ट खरी. परंतु नियमामागचें कारण सर्व ऋतूंस सारखेंच लागू पडतें. अर्धीं जहाजें जयगडास किंवा देवगडच्या शांत पाण्यांत असतीं तर एका गोळ्यानें एवढा नाश झाला नसता.

तुळाजींस नुसता अडाणी म्हणून सोडून देणें न्यायाचें होणार नाहीं, कारण याच चुका याहून मोठ्या आरमारांनीं याच शतकांत व पुढें केलेल्या आहेत. १७७० च्या जुलैंत तुर्कांचें आरमार चेस्मेच्या आखातांत गर्दी करून उभें असतां रशियनांनीं आगीचीं जहाजें सोडून तें जाळलें. १ ऑगस्ट १७९८ रोजीं ईजिप्तच्या किनाऱ्यावर अबूकीरच्या उपसागरांत फ्रेंचांचें आरमार नांगरलेलें होतें. उथळ पाण्यामुळें किनाऱ्याच्या अंगानें कोणी येणार नाहीं अशा भरंवशावर त्या बाजूच्या तोफा सज्ज ठेविल्या नव्हत्या. नेल्सनचीं कांहीं जहाजें नेमकीं त्याच बाजूनें शिरलीं. २० ऑक्टोबर १८२७ रोजीं ग्रीसमधील नावारिनोच्या आखातांत तुर्क व ईजिप्त यांचें आरमार नांगरलेल्या स्थितींतच नष्ट झालें. हीं तिन्ही ठिकाणें भूमध्य समुद्रावरचीं आणि उत्तम आसऱ्याचीं म्हणूनच निवडलेलीं. बंदर चांगलें आहे या विश्वासानें मनुष्य जितका निष्काळजी होतो तितका उघड्या समुद्रांत होत नाहीं.

विजयदुर्गाच्या गोष्टीस एक शेपूट आहे. किल्ला स्वतःकडेच ठेवावा असा इंग्रजांचा विचार होता. पण ऑक्टोबर १७५६ त तह होऊन त्यांनीं तो पेशव्यांस दिला आणि त्याच्या मोबदल्यांत बाणकोट घेतलें. महाबळेश्वराहून निघालेली सावित्री जेथें समुद्रास मिळते तेंच हें बाणकोट. म्हणजे कृष्णेच्या ज्या बहिणीनें कोंकणची वाट धरली, तिच्या मुखाशीं इंग्रजांचें निशाण लागलें. विजयदुर्गास पेशव्यांनीं नवें आरमार उभें केलें. १७८३ च्या एप्रिलांत आनंदराव धुळपांनीं रत्नागिरीजवळ इंग्रजांचें रेंजर जहाज त्याच्या सोबतीच्या जहाजांसह पकडून याच खाडींत आणिलें, यावरून तें आरमार अगदींच निस्तेज नव्हतें हें दिसतें. तथापि कान्होजींच्या काळचा दरारा परत आला नाहीं. १८१८ त पेशवाईबरोबर विजयदुर्गहि गेला.

आज वाघोटनच्या खाडींत गिर्ये गांवाजवळ आंग्र्यांची जुनी गोदी पाहावयास मिळते. ती सुमारें ३५५ फूट लांब आहे. भरतीच्या पाण्यावर जहाज आंत घ्यावें आणि ओहोटी झाल्यावर त्याचें बूड दुरुस्त करावें, अशी तिची योजना. बंदरांचा जुना गुणहि तसाच आहे. वादळाची सूचना निघाली म्हणजे गुजराथच्या व कर्नाटकाच्या मच्छीमार होड्या देवगडच्या पाण्यांत येऊन निवारा घेतात. तेथें त्यांस कोणी परकें म्हणत नाहीं. समुद्रावरची माणुसकी ही अशी आहे. जमिनीवर जें भांडण असेल तें असो, वादळांत आलेल्यास आसरा द्यावयाचा.

सांगली-सातारकडच्या मंडळींचा कोंकणाशीं संबंध जुना आहे. सांगलीच्या पटवर्धन घराण्याचे मूळ पुरुष हरभट हे रत्नागिरीजवळच्या कोतवड्याचे. आणि घाटावरचा गूळ खालीं व कोंकणचा नारळ, मीठ वर, हा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालला. तरी इतिहास वाचतांना आपण सह्याद्रीस भिंत समजतों आणि पलीकडच्या किनाऱ्याची हकीकत निराळ्या प्रकरणांत टाकून देतों. वरील विवेचनावरून एवढें तरी दिसून येईल कीं तीं दोन प्रकरणें एकच आहेत. १७१४ सालीं घाटावर झालेल्या तहानें १७२१ त उघडा कुलाबा वांचला, आणि १७५५ सालीं घाटावर झालेल्या करारानें पुढच्याच वर्षीं बंदिस्त विजयदुर्गांतील आरमार जळालें. विजयदुर्गास जाणारे प्रवासी बहुधा समुद्राकडच्या बुरुजावर उभे राहून सूर्यास्त पाहतात. त्यांनीं थोडा वेळ पूर्वेकडच्या तटावरहि उभें राहावें आणि जमिनीकडे पाहावें. त्या बंदराचें रक्षण तिकडून व्हावयाचें होतें.